शेळीचा निरोगी सांधा वाचायला शिका: एक्स-रे आणि सोनोग्राफीची पहिली पायरी

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका धनगर वाडीवरून मागचा पाय उचलून चालणारी शेळी घेऊन एक म्हातारी आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आली. टाचेपाशी दुखत असावं असं वाटून मी तिथला एक्स-रे काढला. समोरून घेतलेल्या चित्रात टिबियाच्या (पोटरीच्या मोठ्या हाडाच्या) खालच्या टोकाशी, बाहेरच्या अंगाला एक छोटं चौकोनी हाड सुटं दिसलं. कडा स्वच्छ, मध्ये बारीक काळी फट. मी म्हातारीला सांगितलं, हाडाचा तुकडा उडालाय. प्लास्टर घातलं. तीन आठवडे त्या मुक्या जिवाने ते ओझं ओढलं, खालची कातडी सोलून निघाली. प्लास्टर काढल्यावर मनात शंका आली म्हणून दुसऱ्या, धडधाकट पायाचा एक्स-रे घेतला. तिथेही तेच हाड, त्याच जागी, तीच फट.

ते हाड प्रत्येक शेळीत असतं. त्याला मॅलिओलर हाड म्हणतात. रवंथ करणाऱ्या जनावरांत फिब्युला (टिबियाशेजारचं बारीक हाड) जवळपास नाहीशी झालेली असते, तिचं खालचं टोक तेवढं असं स्वतंत्र हाड होऊन उरतं. शेळी लंगडत होती ती खुरांच्या बेचक्यात रुतलेल्या काट्यामुळे. तो तोवर पू होऊन आपोआप निघून गेला होता.

त्यानंतर मी आजारी सांध्यांची चित्रं बाजूला ठेवली आणि वर्षभर निरोगी सांधे पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पदवी घेऊन नुकतंच काम सुरू केलेले, इंटर्नशिप करणारी मुलंमुली आणि दवाखान्यात शेळी धरणारे, प्लेट लावणारे परिचर, अशा सगळ्यांसाठी. निदान आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे, भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ तसंच सांगतो. पण चित्र वाचण्याजोगं निघतं की नाही, हे निम्मं परिचराच्या हातात असतं.

१. सुरुवात मटणाच्या दुकानातून करा

जिवंत शेळीवर शिकायला जाऊ नका. ती हलते, घाबरते, आणि तुमच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नापर्यंत तिचा मालकही घाबरतो. त्यापेक्षा ओळखीच्या खाटकाकडून एक पुढचा आणि एक मागचा पाय आणा. सांगताना नेमकं सांगा, कारण खाटीक पाय नेहमी सांध्यातच सोडवतो. पुढचा गुडघ्यात, मागचा टाचेत. म्हणजे आपल्याला हवा तो सांधाच सुरीखाली जातो. "गुडघ्याच्या वर चार बोटं करवतीने कापून द्या" असं म्हणा. मागच्या पायाचंही तसंच. मांडीच्या हाडासकट मागचा अख्खा पाय मिळाला, तर स्टायफल, म्हणजे मागचा खरा गुडघाही शिकता येतो.

पाय आणल्यावर क्रम असा ठेवा: आधी एक्स-रे, मग सोनोग्राफी, मग सुरीने थर उलगडून पाहणं, आणि शेवटी हाडं उकळून साफ करणं. मंद आचेवर शिजवा. प्रेशर कुकर वापरू नका, बारीक हाडांच्या कडा झिजतात. मऊ झालेलं मांस जुन्या टूथब्रशने काढा आणि हाडं उन्हात वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे ती वाळत नाहीत, बुरशी धरते, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

इथे एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते. दुकानात येणारा बोकड बहुधा कोवळा असतो. त्याची हाडं उकळली की टोकं टोपीसारखी निघून हातात येतात आणि आतला पृष्ठभाग खरबरीत, लाटांसारखा दिसतो. ती वाढीची पट्टी. एक्स-रेवरची काळी रेघ म्हणजे हीच जागा, हे एकदा बोटांना कळलं की पुढे तिला कुणी फ्रॅक्चर म्हणणार नाही.

२. हाडांचा हिशोब पाठ करा

आधी नावांचा घोळ मिटवू. शेळीच्या पुढच्या पायाला आपण जो गुडघा म्हणतो, तो रचनेने आपलं मनगट आहे, म्हणजे कार्पस. मागच्या पायाचा हॉक म्हणजे आपली टाच आणि घोटा, म्हणजे टार्सस. आपल्या गुडघ्याशी जुळणारा सांधा मागच्या पायात वर, पोटाला लागून असतो. तो स्टायफल.

कार्पसमध्ये सहा हाडं. वरच्या ओळीत चार: रेडियल, इंटरमीडिएट, अल्नर आणि मागे बाहेर डोकावणारं ॲक्सेसरी. खालच्या ओळीत दोनच: दुसरं-तिसरं एकत्र जुळलेलं आणि चौथं. पहिलं कार्पल नसतंच. कुत्र्या-घोड्याचं पुस्तक उघडून शेळीची हाडं मोजायला बसलात तर हिशोब जमणार नाही.

टार्ससमध्ये पाच: टॅलस, कॅल्केनियस, सेंट्रल आणि चौथं मिळून झालेलं एक मोठं हाड, दुसरं-तिसरं मिळून एक, आणि कोपऱ्यात लपलेलं पहिलं. शिवाय वर सांगितलेलं मॅलिओलर.

त्याखाली नळीचं हाड. ते तळव्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या हाडांच्या जोडणीने बनलेलं असतं, म्हणून खालच्या टोकाला त्याला दोन स्वतंत्र गोलाकार उंचवटे असतात आणि मध्ये खाच असते. प्रत्येक पायात दोन बोटं, प्रत्येक बोटात तीन हाडं. फेटलॉकच्या, म्हणजे नळीच्या हाडाच्या आणि बोटांच्या सांध्याच्या, मागे प्रत्येक बोटाला दोन, म्हणजे पायाला चार सेसमॉइड नावाची छोटी हाडं, आणि खुरात प्रत्येकी एक.

३. सामान आणि कागदपत्रं

एक्स-रेसाठी:
- बॅटरीवर चालणारं पोर्टेबल यंत्र आणि डिजिटल प्लेट. वाड्यांवर वीज कधी जाईल याचा नेम नसतो.
- ०.५ मिमी शिशाच्या तोडीचा एप्रन, गळ्याचा थायरॉइड पट्टा, शिशाचे हातमोजे. जितकी माणसं खोलीत, तितके संच.
- प्रत्येकाचा टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा. दुसऱ्याचा लावायचा नाही.
- डावा-उजवा दाखवणारे शिशाचे मार्कर.
- फोमचे त्रिकोणी तुकडे, वाळूच्या पिशव्या, सुती दोर, प्लेटवर घालायला प्लास्टिकची पिशवी.

सोनोग्राफीसाठी ७.५ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनियर, म्हणजे सरळ तोंडाचा प्रोब, केस काढायचं मशिन, स्पिरिट, भरपूर जेल. गाभण तपासायचा वाकडा, खोल जाणारा प्रोब इथे उपयोगाचा नाही. सांधा कातडीपासून एक-दोन सेंटिमीटरवर असतो.

कागदांबद्दल लोक उशिरा जागे होतात. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि अर्ज ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेतून करायचा असतो. यंत्र विकत घेण्याआधी ते मंडळाने मान्य केलेल्या प्रकारातलं आहे का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीवर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याची नजर असते. यंत्र शेळ्यांसाठी असलं तरी विक्रेता कागद मागू शकतो, म्हणून पैसे भरण्याआधी जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे चौकशी करा.

मालकाकडून मात्र तीनच गोष्टी हव्यात: शेळीचा कानातला बिल्ला किंवा ओळखखूण, वय किंवा दातांची अवस्था, आणि गाभण आहे का.

४. शेळीची तयारी

गुडघ्याखालच्या चित्रांना सहसा गुंगी लागत नाही. शेळीला आडवं करून मानेवर आणि पुठ्ठ्यावर हात ठेवला, कानाशी हळू बोलत राहिलं, तर ती पाच मिनिटं शांत राहते. तिची जोडीदारीण दिसेल अशी जवळ बांधा. एकटी पडलेली शेळी जास्त धडपडते.

खुबा आणि खांद्यासाठी, किंवा सीटीसाठी गुंगी द्यावी लागते. इथे सगळ्यात मोठा धोका झायलाझिनचा. शेळी या औषधाला फार हळवी असते, घोड्याच्या मानाने तिला साधारण दहावा भाग पुरतो. घोड्याच्या हिशोबाने दिलेला डोस तिच्या जिवावर बेततो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण शेळीला ते टाळतात, कारण गर्भाशय आकुंचन पावतं. औषध कोणतं आणि किती, हे शेळीचं वजन करून पशुवैद्यकानेच ठरवायचं.

गुंगी द्यायची असेल तर मोठ्या शेळीचा चारा आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. दूध पिणाऱ्या करडाला उपाशी ठेवू नका. आडवी केल्यावर मानेखाली उशी द्या आणि तोंड उशीच्या खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे लाळ आणि वर आलेलं पाणी बाहेर वाहून जाईल. पोट फुगायला लागलं की चित्र अर्धवट सोडून तिला छातीवर बसवा. चित्र उद्याही काढता येतं.

आणि पाय धुवा. हे मी जोर देऊन सांगते, कारण आपली माती चिऱ्याची, लोहाने भरलेली. पावसात चरून आलेल्या शेळीच्या केसांत अडकलेले तांबडे कण एक्स-रेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि सांध्यात खडे झाल्यासारखं वाटतं. धुतल्यावर पाय पूर्ण कोरडा करा. ओले केसही रेघा पाडतात.

५. एक्स-रे काढताना

कोनांची नावं घाबरवतात, पण नियम सोपा आहे. किरण ज्या बाजूने आत शिरतात ती बाजू आधी, ज्या बाजूने बाहेर पडतात ती नंतर. पुढच्या पायाचं समोरून मागे ते डॉर्सोपाल्मर, मागच्या पायाचं डॉर्सोप्लांटर. बाजूने घेतलेलं लॅटरल. दोन तिरके कोन घ्यायचे ते याच्यासाठी, की सरळ चित्रात सांध्याच्या फक्त दोन कडा दिसतात, उरलेल्या कोपऱ्यांवरच्या कडा हाडांच्या गर्दीत लपतात.

प्रत्येक सांध्याची किमान दोन चित्रं, एकमेकांना काटकोनात. कार्पस आणि हॉकसाठी चार, आणि कार्पसचं पाय दुमडून एक पाचवं. एकाच चित्रावर मत देऊ नका.

आडव्या शेळीत ज्या पायाचं लॅटरल चित्र हवं, तो खाली, प्लेटला टेकलेला ठेवा आणि वरचा पाय दोराने मागे ओढून घ्या. मार्कर समोरून घेतलेल्या चित्रात बाहेरच्या बाजूला आणि लॅटरल चित्रात पुढच्या बाजूला ठेवायचा. नंतर संगणकावर डावा-उजवा लिहू असं म्हणू नका, संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नाही.

गुडघ्यासारख्या चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या भागाला ५० ते ६० केव्हीपी (किरणांची भेदकता) आणि २ ते ५ एमएएस (किरणांचं प्रमाण) इथून सुरुवात करा आणि आपल्या यंत्राचा तक्ता स्वतः बनवून भिंतीवर लावा. ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, इथे लागत नाही, ती खुब्यासारख्या जाड भागासाठी.

किरणांचा मधला बिंदू सांध्यावरच हवा आणि किरण सांध्याच्या फटीला समांतर जायला हवेत. जरा वर-खाली झालं की हाडं एकमेकांवर चढून फट बुजलेली दिसते. नवशिके तिथेच "कूर्चा झिजली" असं लिहून मोकळे होतात. माझ्याकडे दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या अनेक चित्रांत आजार सांध्यात नसून यंत्राच्या तिरकेपणात होता.

शेळी धरणाऱ्याचा हात मुख्य किरणांच्या चौकटीत कधीही येता कामा नये, हातमोजा घातलेला असला तरी. हातमोजा विखुरलेल्या किरणांपासून वाचवतो, थेट किरणांपासून नाही. १ मीटरवरून २ मीटरवर गेलात की किरणांची मात्रा चौथाई होते, म्हणून दोर लांब ठेवा. गरोदर बाई आणि १८ वर्षांखालचं मूल खोलीबाहेर. वाड्यांवर घरातलं पोरच शेळी धरायला पुढे येतं, त्याला प्रेमाने पण ठामपणे बाहेर पाठवा. काम करणाऱ्यांसाठी किरणांच्या मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. बिल्ला लावला नाही तर आपण कुठवर आलोत ते कळतच नाही.

६. निरोगी चित्र कसं दिसतं

बाहेरून आत वाचा. आधी कातडी आणि मांसाची करडी सावली, मग हाडांची बाह्यरेघ, मग कूर्चेखालची दाट पांढरी पट्टी, आणि शेवटी फट. ती काळी फट रिकामी नसते. तिच्यात दोन्ही बाजूंची कूर्चा आणि पातळ वंगण असतं, एक्स-रेला ते दिसत नाही इतकंच. उभ्या शेळीत ती अरुंद आणि आडव्या शेळीत रुंद दिसू शकते, म्हणून तुलना करताना दोन्ही चित्रं एकाच स्थितीतली हवीत.

*पुढचा गुडघा.* समोरून तीन आडव्या फटी दिसतात. वरची आणि मधली हालचालीच्या, खालची जवळपास स्थिर. पाय दुमडून घेतलेल्या चित्रात वरच्या दोन जबड्यासारख्या उघडतात, तिसरी तशीच मिटलेली राहते. तिला आखडलेला सांधा समजू नका. बाजूने पाहताना ॲक्सेसरी हाड मागे अंगठ्यासारखं बाहेर आलेलं असतं आणि त्यावर वजन येत नाही. गुडघ्यावरच्या दोन हाडांपैकी बारीक अल्ना जाड रेडियसला चिकटलेली असते आणि तिचं टोक थेट अल्नर कार्पलवर टेकतं.

शेळ्या गुडघे टेकून चरतात, त्यामुळे मोठ्या शेळीच्या गुडघ्यावर पुढून जाड घट्टा असतो. एक्स-रेवर तो सूज म्हणून दिसतो. सीएई या विषाणूजन्य आजारात मोठ्या शेळीचा हाच सांधा आधी सुजतो, म्हणून फरक कळायलाच हवा. घट्ट्याची सावली फक्त पुढे, कातडीत असते. सांध्यात पाणी भरलं तर फुगवटा सांध्याच्या पातळीवर, टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोराच्या) दोन्ही बाजूंनी येतो. शंका आली तर प्रोब ठेवा.

*हॉक.* समोरून टॅलसचे दोन उभे कंगोरे टिबियाच्या खाचांत बसलेले दिसतात. शेळीच्या टॅलसला खालच्या टोकालाही पुलीसारखी खाच असते, त्यामुळे तिच्या हॉकमध्ये दोन पातळ्यांवर हालचाल होते. घोड्याचा हॉक पाहिलेल्याला खालची फट जास्तच मोकळी वाटते, ती तशीच असते. हेच हाड प्राचीन काळी माणसं फासे म्हणून खेळत. उकळून साफ केलेला टॅलस हातात घेतलात की का ते कळेल, चारही बाजूंवर तो स्थिर बसतो. मॅलिओलर हाड समोरून बाहेरच्या अंगाला चौकोनी दिसतं आणि बाजूच्या चित्रात टॅलसच्या सावलीत हरवतं. त्याच्या कडा गुळगुळीत, पांढऱ्या रेघेने बांधलेल्या असतात. मोडलेल्या तुकड्याची एक कडा तरी खरबरीत, रेघ नसलेली असते.

*स्टायफल.* गाईला गुडघ्याच्या वाटीखाली तीन लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) असतात, शेळीला एकच. बाजूच्या चित्रात त्या लिगामेंटच्या मागे चरबीचा काळसर त्रिकोण दिसतो. हा त्रिकोण तुमचा साक्षीदार. सांध्यात पाणी भरलं की तो आक्रसतो, पुढे ढकलला जातो. त्रिकोण शाबूत असेल तर सांधा बहुधा कोरडा. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) बाहेरच्या उंचवट्यावर एक स्पष्ट खड्डा असतो, तिथून पुढच्या टेंडनचा उगम होतो. तो कुजलेल्या हाडासारखा दिसतो, पण नैसर्गिक आहे. मेनिस्कस, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गाद्या, एक्स-रेवर दिसत नाहीत.

*फेटलॉक आणि बोटं.* बाजूच्या चित्रात दोन बोटं एकमेकांवर चढतात. एका बोटाला सुती दोराचा फास घालून ते पुढे ओढून धरा. नळीच्या हाडात मधोमध उभी बारीक रेघ दिसली तर ती दोन हाडांच्या जोडणीची आहे.

खांदा, कोपर आणि खुब्याचं थोडक्यात. खांद्यासाठी पाय पुढे ताणून मानेपासून मोकळा करा. कोपराचं चित्र दुमडून आणि सरळ करून असं दोन्ही घ्या. खुब्यासाठी शेळी पाठीवर, दोन्ही पाय सारखे ताणलेले, आणि दोन्ही खुबे एकाच प्लेटवर.

७. करडांची चित्रं वेगळी वाचा

लहान करडाच्या सांध्यातली फट मोठ्या शेळीपेक्षा रुंद दिसते, कारण हाडाचा बराच भाग अजून कूर्चाच असतो. त्याच कारणाने छोट्या हाडांच्या कडा थोड्या ओबडधोबड दिसतात. बेंबीतून जंतू शिरून सांधे सुजलेली करडं आपल्याकडे नेहमी येतात, आणि तिथे हा ओबडधोबडपणा संसर्ग म्हणून खपून जातो. त्यामुळे त्याच वयाच्या निरोगी करडाचं चित्र शेजारी असल्याशिवाय मत देऊ नका. जुळं भावंड असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

तीन जागा हमखास फसवतात: टिबियाच्या पुढचा वरचा उंचवटा, टाचेच्या कॅल्केनियसचं टोक, आणि कोपराचं टोक. तिन्ही ठिकाणी हाडाचा तुकडा सुटा दिसतो आणि तिन्ही ठिकाणी ती वाढीची पट्टी असते. सगळ्या पट्ट्या एकदम बुजत नाहीत. कोपरापाशी ह्यूमरसची (दंडाच्या हाडाची) लवकर बुजते, गुडघ्यावरची रेडियसची फार उशिरा. दोन वेतं झालेल्या शेळीतही ती उघडी दिसली म्हणून दचकू नका.

८. सोनोग्राफी: प्रोब तिरका करून पाहा

केस अगदी कातडीपर्यंत काढा, स्पिरिट लावा, जेल चोळून दोन मिनिटं मुरू द्या. खोली ३ ते ४ सेंटिमीटरवर ठेवा. आधी आडवा काप, मग उभा. दाबू नका. सांध्यातलं वंगण मुळात थोडं, जोराने दाबलं की ते बाजूला पळतं आणि भरलेला सांधाही कोरडा दिसतो.

हाडाचा पृष्ठभाग म्हणजे झळझळीत पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळोख. टेंडन उभ्या कापात समांतर धाग्यांसारखं, आडव्या कापात ठिपक्यांच्या गोळ्यासारखं. कूर्चा काळी आणि एकसंध. निरोगी सांध्यात वंगणाची काळी चीर असली तर अगदी बारीक.

शिकायला स्टायफल सगळ्यात चांगला. पाय सरळ ठेवून वाटीच्या खाली उभा प्रोब ठेवा. वरून खाली जाणारा पांढरट पट्टा हे ते एकमेव लिगामेंट, त्याखाली चरबीची ठिपकेदार गादी. आता प्रोब जागेवरून न हलवता हळूहळू कलता करा. पांढरा पट्टा राखाडी होईल, आणखी कलवला तर काळा. धागे तुटल्यासारखे दिसतील. परत सरळ करा, पट्टा पुन्हा उजळेल. ही क्रिया दहा वेळा करा. ध्वनिलहरी धाग्यांना काटकोनात भेटल्या तरच परततात, म्हणून हा भास होतो. काळी जागा दिसली की आधी प्रोब हलवायचा, मग तोंड उघडायचं. खरी फाटलेली जागा कोणत्याही कोनातून काळीच राहते.

मग प्रोब सांध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला न्या. फीमर आणि टिबियाच्या दोन पांढऱ्या रेघांमध्ये पाचरीसारखा करडा त्रिकोण दिसेल, रुंद बाजू तुमच्याकडे, टोक आत. तो मेनिस्कस. शेवटी पाय पूर्ण दुमडा आणि प्रोब वाटीच्या वर आडवा ठेवा. फीमरच्या खाचेवर कूर्चेचा काळा पट्टा एकसारखा पसरलेला दिसतो. जाडी अगदी थोडी, साधारण मिलिमीटरभर, म्हणून मोजताना चित्र मोठं करून मोजा.

पुढच्या गुडघ्यावर पुढून प्रोब उभा ठेवला की हाडांच्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि त्यांवरून टेंडन जातं. घट्टा असेल तिथे कातडीचा थर जाड दिसेल, पण खालची सांध्याची पिशवी पातळच राहील. सूज की घट्टा याचं उत्तर तिथे मिळतं.

९. सीटी आणि एमआरआय

रोजच्या कामात ही दोन्ही लागत नाहीत आणि शेळीच्या मालकाला खर्चही झेपत नाही. सीटीत हाडं एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे हॉकची आणि कार्पसची गुंतागुंत सुटते. एमआरआयमध्ये कूर्चा, मेनिस्कस, आतली लिगामेंट दिसतात. टी-वन चित्रात चरबी पांढरी, टी-टूमध्ये पाणी पांढरं, टेंडन आणि हाडाचं टणक कवच दोन्हीत काळं. माणसाच्या गुडघ्यावरच्या शस्त्रक्रिया आणि कूर्चेवरचे उपचार आजमावण्यासाठी जगभर शेळीचा स्टायफल वापरला जातो, त्यामुळे निरोगी शेळीच्या एमआरआयची चित्रं संशोधनात चांगली मिळतात. मोठ्या प्रकरणासाठी गोव्याबाहेर पाठवायची वेळ आली, तर १८८६ पासून चालत आलेलं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या लोकांच्या ओळखीचं आहे. मात्र शेळीला गाडीत घालण्याआधी तिथे ती सोय त्या दिवशी मिळेल का, हे फोन करून विचारा.

१०. निरोगी सांध्यांचा आपला संग्रह करा

इतर कारणासाठी आलेल्या, न लंगडणाऱ्या शेळ्यांची चित्रं मालकाच्या परवानगीने जमवा, पण त्यासाठी मुद्दाम गुंगी देऊ नका. एका महिन्याचं करडू, सहा महिन्यांची पाट, पहिलटकरीण, जुनी शेळी आणि प्रौढ बोकड, एवढ्या पाच वयांचे दोन्ही बाजूंचे सांधे जमले की तुमच्याजवळ कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी संग्रह होतो, कारण तो आपल्याच गावठी आणि कन्याळ शेळ्यांचा असतो. फाइलच्या नावात तारीख, शेळीची खूण, वय, सांधा, बाजू आणि कोन हे सगळं यायला हवं.

त्या वाडीवरची म्हातारी पुढेही येत राहिली. शेळीला काही झालं की ती तिच्यासमोर उकिडवी बसते आणि दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर एकदम ठेवते. डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहते, मग म्हणते, "उजवा गरम आहे, डॉक्टर." एका पायाला हात लावून तिने कधी काही सांगितलेलं मला आठवत नाही. मी तिच्याकडूनच दोन्ही बाजूंचं चित्र घ्यायची सवय उचलली. खर्च वाढतो अशी मालकांची तक्रार येते, तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या चित्राचे पैसे घेत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागवताना दोन्ही पायांची चित्रं एकत्र पाठवा. मोबाइलने पडद्याचा तिरका फोटो काढून पाठवू नका, त्यात बारीक रेघा मरतात. मूळ डायकॉम फाइल, म्हणजे यंत्रातून निघणारी चित्राची अस्सल फाइल पाठवा, आणि सोबत शेळीचं वय, ती उभी होती की आडवी, आणि पाय धुतला होता का, एवढं लिहा.